गालांचा पहिला नंबर

सुदृढ बालक स्पर्धेत मी एकदा एका आजाराला पहिला नंबर दिला. नुसता दिला नाही, माईकवरून जाहीर केला, आणि मंडळी गप्प बसलेली बघून "टाळ्या वाजवा की!" असं दटावलंही.

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. पण दिवाळी अंकासाठी सेवाकाळातले अनुभव लिहून द्या असा निरोप आला, आणि आधी कोणी काय लिहिलंय ते बघावं म्हणून मी आमच्या सावेडीतल्या निवृत्त मंडळींचे जुने लेख वाचून काढले. त्यांच्या नोकरीत कुणीही, कधीही चुकलेलं नाही. पूर आला, साथ आली, मंत्री आले, हे सगळ्यांना पुरून उरले. एवढी हुशार माणसं खुर्च्यांवर बसली होती तर आपला जिल्हा असा का राहिला, हा प्रश्न मला पडला. म्हटलं, आपण चुकीपासूनच सुरुवात करावी. वाचणारा निदान जागा राहील.

मी नर्स होते. पांढरी टोपी घालून डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन चालणारी नव्हे, उपकेंद्राची. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक बाई. डॉक्टर असतात, पण ते मोठ्या गावच्या आरोग्य केंद्रात, आणि तिथंही बहुतेक मीटिंगला. माझं उपकेंद्र काष्टीच्या पुढं, आत. लसी, बाळंतपणं, तांबी, गोळ्या, पोरांची वजनं हे माझं काम. बाकी लोक जे आणतील ते. एक म्हातारबुवा गुडघ्यासाठी सुईच मागायचे. "गोळी पोटात जाती, गुडघ्याला कसं कळायचं?" असं त्यांचं शास्त्र. एक बाई पोराला लस टोचून झाल्यावर दारात बांधलेल्या म्हशीकडं बोट दाखवून म्हणाली होती, "सुई उकळल्यालीच हाय, तर तिला बी एक देऊन टाका."

या लोकांना मी हसायची. मी मात्र फार शिकलेली होते ना! तिशीही न ओलांडलेली, कडक इस्त्रीची साडी, चालताना साडीचाच आवाज येई. आणि डोक्यात एक सिद्धांत: पोराचे गाल बघितले की पोर कळतं. काटा कशाला, पट्टी कशाला. आज ती इस्त्रीची बाई मला रस्त्यात भेटली तर मी वाट बदलीन.

तर स्पर्धा. बालदिनाला गावच्या तरुण मंडळानं ठेवली होती. पाच वर्षांच्या आतली पोरं शाळेच्या ओट्यावर आणायची. कडीला काटा टांगायचा, त्याच्या झोळीत पोर घालायचं, पोर बोंबलायचं, काटा हलायचा, आणि तो थांबेल तेवढ्यात आकडा वाचायचा. मग उंची, दंडाचा घेर, लसी पूर्ण का, नखं कापलेली का, दात कसे. या सगळ्याला गुण. आया काही कमी नव्हत्या. कुणी वजनाआधी केळी कोंबून आणलेली, कुणी तांब्याभर पाणी पाजलेलं. एकीनं पोराच्या कमरेला त्याच्या आजोबांचा चांदीचा करदोटा गुंडाळला होता. मी तो उतरवायला लावला तर म्हणाली, "असू द्या की बाई, घरचंच हाय."

डॉक्टर मीटिंगला होते. त्यामुळं परीक्षक मी.

शेवटी दोन पोरांचे गुण सारखे झाले. एक सरपंचांचा पुतण्या आणि दुसरी चार वर्षांची शीतल. दत्तूची मुलगी. दत्तू म्हणजे काटकुळा, गळ्यापर्यंत दाढी वाढवलेला, गावात कुणाशी फारसं न बोलणारा माणूस. त्याची बायको सुमन. शीतल आईच्या कडेवर बसून चिक्की खात होती आणि तिचे गाल, अहाहा! दोन्हीकडं सारखे, भरदार, जणू गौरीचा मुखवटा. मी पुढं होऊन तिचा गालगुच्चा घेतला.

आता इथं थांबते, कारण सगळी मेख इथं आहे. गुटगुटीत पोराचा गाल चिमटीत येतो. लोण्यासारखा. शीतलचा आलाच नाही. चिमटीत कातडी तेवढी आली, आतलं जागच्या जागी. घट्ट. कुठल्याही शहाण्या बाईचा हात तिथं थबकला असता. माझा नाही थबकला. मी म्हटलं, "बघा, याला म्हणतात कस!" दात बघायचे होते, पण तोंडात चिक्की होती. मी न बघताच 'दात उत्तम' लिहिलं आणि गालांचे म्हणून जास्तीचे गुण दिले. गालांना मुळात गुणच नव्हते. तो रकाना मी जागेवर काढला.

नंबर जाहीर झाला. सुमनची आई खास माहेराहून आली होती, ती लगेच म्हणाली, "आमच्याकडची हाडापेराची हाय पोरगी."

दत्तूची आई गिरजाबाई बरी ऐकून घेईल! "तुमच्याकडची कुठली? माझ्या दत्तूवर गेली हाय. लहानपनी ह्यो असाच हुता."

मी दत्तूकडं बघितलं. आत गेलेली गालफडं, वर दाढी. मी माईक हातात असतानाच म्हणाले, "आजी, मग दत्तूभाऊंचे गाल गेले कुठं? दाढीत हरवले का?"

सगळा ओटा हसला. दत्तूही हसला. पण हसताना त्यानं हात उचलून दाढीवर ठेवला. हे मला दिसलं होतं. कळलं नव्हतं.

बक्षीस म्हणून स्टीलचा डबा होता. फोटोवाल्यानं शीतलला डब्यासकट खुर्चीवर बसवून फोटो काढला आणि तो चौकट करून मी उपकेंद्राच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या प्रत्येक आईला मी तो दाखवायची. "असं पाहिजे मूल!"

पुढच्या वर्षी सुमन आली. "बाई, हिचे दात आत्ताच हालाया लागले. दोन पडले बी."

"लवकर पडले तर लवकर येतील," मी म्हणाले. काय ते उत्तर! जणू दात म्हणजे एस.टी.

मग गाल वाढले. मी सांगितलं, गालगुंड आहे. ताप नाही, दुखत नाही, पोर पळतंय, खेळतंय, तरी गालगुंड. लेप दिला, गोळ्या दिल्या. सूज उतरली नाही. वर्षानं ती पुन्हा आली, गाल अजून मोठे. मी पुन्हा म्हटलं, गालगुंड. गालगुंड बहुतेकांना जन्मात एकदाच होतं, हा प्रश्न मला नर्सिंगच्या परीक्षेत आला होता आणि मी तो बरोबर लिहिला होता. पण तो कागदावर होता. समोर बसलेल्या पोरीला कोण विचारतो?

खरं सांगायचं तर मला ते गाल आजारी असायला नकोच होते. माझा पहिला नंबर होता तो. सुमननं एकदा चाचरत विचारलं, "जरा जास्तच वाटत न्हाईत का?" तर मी तिलाच म्हणाले, "लोक जळतात गं. दृष्ट काढत जा." शिकलेली नर्स, आणि मीठमोहऱ्या सांगतेय!

शीतल नऊ वर्षांची होईपर्यंत चेहरा खालून पार रुंद झाला होता. वरच्या जबड्याच्या हाडानं डोळे खालून उचलले गेल्यासारखे झाले. बुबुळाखाली पांढरं दिसायचं आणि पोरगी सदा आभाळाकडं बघतेय असं वाटायचं. शाळेत पोरं तिला 'फुगा' म्हणायची. मास्तर फळ्याकडं बघ म्हणून ओरडायचे, ती फळ्याकडंच बघत असायची. हळूहळू तिनं शाळा टाळायला सुरुवात केली.

त्या सुमाराला पोलिओच्या मोहिमेसाठी श्रीरामपूरच्या मार्था सिस्टर आमच्याकडं आल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, जिभेनं त्याहून. शीतल दाराशी उभी होती. मार्थानं भिंतीवरचा फोटो बघितला, दारातली पोर बघितली, तिला जवळ घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी जबडा दाबला. मी घाईनं म्हटलं, गालगुंड आहे.

"हे गालगुंड कुणी सांगितलं?"

मी लसीची पेटी आवरायला लागले.

"अगं, हे हाडात आहे. दोन्हीकडं सारखं. किती वर्षं बघतेयस तू?"

माझ्याऐवजी भिंतीवरचा फोटो बोलत होता.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? शांतपणे दवाखान्याची चिठ्ठी दिली असती. मी काय केलं? घाबरले. पहिला नंबर देणारी मी, आता एकदम दुसऱ्या टोकाला गेले. सुमनला बाजूला घेऊन कुजबुजले, "हाडाचं आहे म्हणतात. गाठ असंल. वाईटातली." सुमन तिथंच ओट्यावर बसली. मी हळू आवाजात बोलले होते, पण उपकेंद्रात हळू बोललेलं गावात सगळ्यात आधी पोचतं. संध्याकाळी शेजारणीनं आपली पोरगी शीतलबरोबर खेळायला सोडली नाही.

दोन दिवसांनी सुमन पळत आली. "बाई, आत्याबाईंनी बिब्बा आनलाय. अवसेला डागायचं म्हंत्यात. दोन्ही गाल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आत्याबाई म्हणजे सासू, आणि बिब्बा म्हणजे काळं, तेलकट फळ. ते तापवून त्याच्या तेलाचा चटका कातडीवर देतात. जखम होते, डाग जन्मभर राहतो.

"असं कसं डागतील? तू अडव ना!"

"कशी अडवू? त्या म्हंत्यात, ह्यांना बी असंच हुतं. डागलं अन् उतारलं. बाई, ह्यांच्या दाढीखाली दोन्हीकडं डाग हायेत. म्या लगीन झाल्यावर बघितलं. मला वाटलं, लहानपनी भाजलं आसंल."

तेव्हा मला दत्तूचा दाढीवर गेलेला हात आठवला. आणि माईकवरचा माझा विनोद.

अमावस्येला चारच दिवस होते. मी गिरजाबाईंकडं गेले. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी सुरू केलं, "आजी, हे शास्त्रीय नाही..." त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू कोन? नंबर दिला तीच ना? मंग गालगुंड म्हनलीस. मंग म्हनलीस पोर मरती. आता म्हंतीस डागू नगं. तुझं कंचं खरं धरू, बाये?"

मी एवढंच म्हणाले, "अवसेच्या आधी एकदा दातांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. ते डागा म्हणाले तर मीच धरीन तिला."

"म्या बी येती मंग. पोरीला कापाया न्हेत आसशील तर?"

अशी आमची वरात निघाली. शीतल, सुमन, दत्तू, मी, आणि पदराच्या गाठीत बिब्बा बांधून गिरजाबाई. एस.टी.त शीतल खिडकीशी बसली होती आणि ओढणीनं तोंड झाकून घेतलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "दात दुखतोय का गं?" तिनं मान हलवली, हो म्हणून. खोटं बोलणं सोपं होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या दातांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रात शीतलला उभं करून जबड्याचा फोटो काढला आणि उजेडात धरला. मला वाटलं होतं काळी गाठ दिसेल. दिसला फेस. कपडे धुताना परातीत उठतो तसा, हाडभर बुडबुडेच बुडबुडे, आणि त्यात कायमचे दात वाट चुकलेल्या पोरांसारखे कुठंही उभे.

"घरात आणखी कुणाला असं होतं का?" त्यांनी विचारलं.

गिरजाबाई ताडकन म्हणाल्या, "नंबर दिला तवाच म्या सांगितलं हुतं, बापावर गेली. ही बाई हसली."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत माझ्या वरिष्ठांनी मला पुष्कळ मेमो दिले. त्यातला एकही त्या नजरेएवढा झोंबला नाही.

मग त्यांनी दत्तूचा जबडा चाचपला, त्याचाही फोटो काढला. आतलं हाड भरून आलेलं, पण जुन्या खुणा होत्या, काही दाढा मुळात आलेल्याच नव्हत्या. त्यांनी समजावलं ते असं: हा फार विरळा आजार आहे, बापाकडून लेकीत आला. कर्करोग नाही. जबड्याच्या हाडाच्या जागी मऊ भर तयार होते आणि गाल फुगतात. वयात येईपर्यंत वाढतं, मग आपोआप थांबतं, हळूहळू उतरत जातं. आत्ता कापायचं नाही. दरवर्षी यायचं, दात सांभाळायचे. आणि गालाला काहीही लावायचं नाही.

"म्हंजी कायबी करायचं न्हाई?" गिरजाबाईंना हे पटेना. एवढ्या लांब येऊन काहीच न करण्याचा सल्ला कुणाला पटतो? त्यांनी पदराची गाठ सोडून बिब्बा टेबलावर ठेवला. "माझ्या लेकाचं ह्याच्यानं उतारलं. म्या ह्या हातानं डागलंय."

डॉक्टर बाई काही बोलणार तेवढ्यात दत्तू बोलला. मी त्याला एवढं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"आये, मला डागलं तवा म्या केवढा हुतो?"

"आसशील की शीतलीएवढा."

"अन् गाल कवा उतारलं?"

"उतारलं की मंग."

"कवा पन? दुसऱ्या दिशी?"

"दुसऱ्या दिशी कसं उतारंल? तू तर तापानं फनफनला हुतास. खात बी नव्हतास."

"मंग कवा?"

गिरजाबाई आठवू लागल्या. "तुला मिसरूड फुटलं... न्हाई, लगीन ठरलं तवा बरंच उतारलं हुतं."

"मंग बिब्ब्यानं उतारलं, का लग्नानं?" दत्तू म्हणाला. "बिब्ब्यानं आसंल तर एवढी वर्सं बिब्बा काय झोपला हुता? अन् लग्नानं आसंल तर हिला बी नवरा बघू का आत्ताच?"

शीतल ओढणीतून हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. गिरजाबाईंनी हात पुढं करून दत्तूची दाढी बोटांनी बाजूला केली आणि तो डाग बघितला, जसा काही आजच पडला होता. बिब्बा परत नेला नाही. तो तिथंच टेबलावर राहिला. डॉक्टर बाईंनी त्याचं काय केलं कोण जाणे.

निघताना मी त्या आजाराचं नाव विचारलं. नाव इंग्रजी होतं, पण डॉक्टर बाईंनी अर्थ सांगितला: परदेशातल्या जुन्या चित्रांत गुबगुबीत गालांची, वर बघणारी बाळं असतात, देवदूतांची, त्यांच्यावरून. मार्थाला हे सांगितलं तर ती हसत सुटली. "अगं, तसलं चित्र आमच्या घरी भिंतीवर आहे!" मला मात्र जरा बरं वाटलं. म्हणजे गालांना भुललेली मी एकटी नव्हते. बड्या बड्या डॉक्टरांनीही त्या गालांना एक प्रकारचा पहिला नंबरच दिला होता. फरक एवढाच, त्यांनी आधी तोंड उघडून बघितलं होतं.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते फोटो उतरवण्याचं. लाजेनं. कपाटामागं ठेवून दिला. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन उरला, तो काही उतरवता येईना. चार दिवसांनी शीतल आजीसाठी गोळ्या न्यायला आली. तिनं आधी तो चौकोन बघितला.

"बाई, मी आजारी निघाले म्हनून माझा नंबर काढून घेतला का?"

मी फोटो पुन्हा लावला. तिच्यासमोर, खिळा ठोकून. ठोकताना बोटावर हातोडी बसली. ते बरंच झालं.

पुढं सांगण्यासारखं थोडंच आहे. ती शाळेत गेली. दत्तू रोज तिला सोडायला जायचा, आणि त्यानं दाढी काढून टाकली. दोन्ही डाग उघडे. पोरं 'फुगा' म्हणायची तेव्हा शीतल बापाकडं बोट दाखवायची, "त्यांचा पन फुटला न्हाई, उतारला." गाल अजून काही वर्षं वाढले, मग थांबले. दातांची मात्र वाताहत झाली. अडकलेले दोन शस्त्रक्रियेनं काढावे लागले, बाकीचे तारेनं ओढून जमतील तेवढे रांगेत आणले. वेळेवर गेली असती तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टर बाई एकदा बोलून गेल्या. नेमकं माझ्यासमोर. गालगुंडाची ती वर्षं माझ्या खात्यावर आहेत, आणि खातं बंद करायची सोय आमच्या खात्यात नाही.

निवृत्त झाल्यावर मी मुलाकडं सावेडीत राहायला आले. आता सोसायटीत गोंडस बाळांची स्पर्धा मोबाईलवर होते. फोटो टाकायचा, लोक अंगठे दाखवतात, सगळ्यात जास्त अंगठ्यांना बक्षीस. नातीनं मला विचारलं, "आजी, तू मत देणार?" मी म्हटलं, मी दिलंय एकदा. आमच्याकडं निदान काटा तरी होता. त्याला धाब्यावर बसवायला एक मूर्ख बाई लागायची. आता बाईचीही गरज राहिली नाही.

आणि गेल्या महिन्यात दारात स्कूटी थांबली. शीतल. चेहरा अजून जरा रुंद आहे, पण तुम्ही रस्त्यात वळून बघाल ते देखणेपणामुळं. ती दूध संकलन केंद्र चालवते, नवऱ्याला आवाज न चढवता गप्प करते. कडेवर तीन वर्षांचा मुलगा.

माझ्या सुनेनं दारातच म्हटलं, "अय्या, काय गोड गाल आहेत!"

शीतल आत आली, सोफ्यावर बसली, पोराला माझ्या मांडीवर दिलं. मी चष्मा लावला. गालगुच्चा घेतला नाही. हात धुतले, पोराला हसवलं, तोंड उघडायला लावलं, हिरडीवरून बोट फिरवलं, मग दोन्ही अंगठ्यांनी जबडा दाबला, मार्थानं दाबला होता तसा. डावीकडं. उजवीकडं. पुन्हा डावीकडं. शीतल माझ्या हातांकडं नाही, तोंडाकडं बघत होती.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं पोराला परत कडेवर घेतलं आणि म्हणाली,

"बाई, याला नंबर देऊ नका. आणि दिलेला काढून पण घेऊ नका. आपल्या डॉक्टर बाई आता तिथं नाहीत. जबड्याचा फोटो कुठं काढायचा, तेवढं सांगा."